एका फेऱ्यातले गौतमभाई

गौतमभाईंनी उभ्या आयुष्यात नुसतं मीठ कधी आणलं नाही. घरातलं मीठ संपलं की ते मान डोलवत, "ध्यानात ठेवलं" म्हणत आणि स्वस्थ बसत. मग तेल संपायची वाट. तेलापाठोपाठ साखर, साखरेपाठोपाठ काडेपेटी, असं सगळं एकदा संपलं की पिशवी उचलायची आणि एका फेऱ्यात काम फत्ते करायचं. तोवर सरोजभाभी शेजारून वाटीवाटीनं उसनं आणून वेळ मारून न्यायच्या. त्या वाट्या गौतमभाईंच्या खिजगणतीत नव्हत्या, कारण ते फेरे भाभींचे होते. आता यातली गंमत अशी, की शहाद्यात त्यांच्या मोठ्या भावाचं किराणा दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या माडीवर गौतमभाई राहत होते. मीठ आणि गौतमभाई यांच्यामध्ये फक्त एक जिना होता.

त्याच माडीवर पुढच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. मी ब्राह्मणपुरीचा पाटील. शेतीत माझं मन रमत नाही हे घरच्यांना आणि घरच्यांत रमत नाही हे मला साधारण एकाच वेळी कळलं, म्हणून कॉम्प्युटर शिकून मी गौतमभाईंकडे नोकरीला लागलो. दुकानं, शाळा, पतपेढ्या यांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. वेबसाइट म्हणजे पुढचं रंगरूप, ते माझ्याकडे. मागं डेटाबेसला, म्हणजे साठवलेल्या माहितीच्या गोदामाला, काय विचारायचं, कसं विचारायचं, ते गौतमभाईंकडे. पुढच्या रंगाला ते "रांगोळी" म्हणत. ज्याला स्वयंपाक येत नाही तो रांगोळी काढतो, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते मला दर पगाराच्या दिवशी ऐकवायचे.

माणूस गोरा, ठेंगणा, पोट पुढं, शर्ट पांढरा. कैक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं व्यापाऱ्याचं घराणं, पण बोलणं अस्सल अहिराणी. भाऊ खाली गूळ तोलायचा आणि हे वर क्वेऱ्या लिहायचे. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हे मी आमच्या वडिलांना, आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "फक्त इचारानं काम? त्याना पगार भेटस?" गौतमभाईंना मात्र त्या विचारण्याचा इतका अभिमान होता की उत्तर आलं काय नि न आलं काय.

त्यांचा एकच मंत्र होता. वीस मालांची माहिती हवी असेल, तर नवशिका पोरगा काय करतो? वीस नावांची रांग घेतो, तिला आमच्यात ॲरे म्हणतात, आणि एकेका नावासाठी वीस वेळा डेटाबेसकडे जातो. हे पाहिलं की गौतमभाईंचा पारा चढायचा. "आरे, गोडाऊनमा हमालले कितला फेरा मारू देशी? चिठ्ठी एक लिख, बठ्ठं सामान एकदाव आन!" सगळी नावं एका कंसात घालून एकच क्वेरी करायची. हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. अडचण एवढीच होती की ते त्यांनी कॉम्प्युटरपुरतं ठेवलं नाही.

आमच्याकडे कोणी गेलं की दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, जायचं असतं. गौतमभाई हे काम गावांच्या वाटेनुसार लावायचे. एकदा म्हसावदला त्यांच्या ओळखीतले एक शेठ वारले. त्याच सुमारास ब्राह्मणपुरीत आमचे आण्णा अत्यवस्थ होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हसावद आणि ब्राह्मणपुरी एकाच बाजूला. गौतमभाईंनी विचार केला, घाई कशाला? रोज सकाळी ते मला फार मायेनं विचारायचे, "आण्णा कसा शेत?" त्यांचं एवढं प्रेम पाहून मला भरून यायचं. एके दिवशी आण्णा उठून बसले आणि कळण्याची भाकर मागू लागले. मी ही बातमी आनंदानं गौतमभाईंना दिली. ते म्हणाले, "चांगलं व्हयनं," आणि कॅलेंडरकडे बघत बसले. म्हसावदचं उत्तरकार्य उरकून गेलं होतं. शेवटी ते एकटे तिकडे जाऊन आले, बोलणी खाऊन आले, आणि वाट आखलेलीच होती म्हणून येताना आण्णांनाही भेटले. आण्णा खाटेवर बसून म्हणाले, "काय गौतमभाई, मन्हामुये थांबना व्हतात का? माफ करा, काम व्हयनं नही."

यावर दुसरा कोणी लाजला असता. गौतमभाई म्हणाले, "आण्णा, वाट बरोबर आखेल व्हती. माहिती चुकीनी व्हती." आपलं कधी चुकत नाही, आपल्याला दिलेलं चुकतं, ही त्यांची पक्की धारणा होती. दुर्दैवानं बहुतेक वेळा ती खरीही ठरायची, त्यामुळे ती मोडायची सोय नव्हती.

गावातल्या एका कॉलेजात ते आठवड्यातून एकदा शिकवायला जात आणि मला मदतीला नेत. मदत म्हणजे खालच्या दुकानातून पत्रावळींचा गठ्ठा उचलून नेणं. फळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ते वर्गात जमिनीवर पत्रावळी मांडायचे आणि पंगत बसवायचे. "पाव्हना उना तं त्याले सीधा चुल्हाजोडे लई जातस का? नही. पाट मांडतस, पत्रावळ मांडतस, तठे बसाडतस. का? त्यानी चुल्हामा पानी वती दिधं तं?" वेबसाइटवर बाहेरचा माणूस काय लिहील याचा नेम नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे क्वेरीत ओतले तर तो अख्खं गोदाम रिकामं करून जाईल. म्हणून आधी जितके पाहुणे तितकी प्रश्नचिन्हं मांडायची, ती पत्रावळ, आणि मग प्रत्येक प्रश्नचिन्हावर एकेकाला बसवायचं. शेवटच्या पाहुण्यामागे स्वल्पविराम सोडायचा नाही, नाहीतर अजून कोणी यायचंय असं समजून डेटाबेस रुसून बसतो. आणि पाहुणाच नसेल तर? सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "पंगतच नही!" रिकामी ॲरे घेऊन डेटाबेसकडे जायचंच नाही. वर्ग संपला की पत्रावळी झटकून परत दुकानात जायच्या आणि पुढं कोणाच्या तरी सत्यनारायणाच्या जेवणाला लागायच्या.

त्यांचं आणखी एक वेड होतं, ते कोऱ्या जागेचं. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ती जागा कोरी सोडायची, तिथं मनानं काही भरायचं नाही. यावरून ते कोणाशीही भांडायला तयार असत. एका शाळेच्या मुख्याध्यापकांना त्यांनी तोंडावर विचारलं होतं, "सर, तुमच्या शाळेतली निम्मी पोरं एक जूनला कशी जन्माला आली? मे महिन्यात समद्या बायांनी धीर धरला व्हता का?" मुख्याध्यापक म्हणाले, जन्मतारीख माहीत नसली की आम्ही एक जून टाकतो. गौतमभाई म्हणाले, "माहीत नाही म्हणजे माहीत नाही. एक जून म्हणजे एक जून. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." ते काम आम्हाला मिळालं नाही, हे सांगायला नकोच.

त्यांच्या समाजाची वधू-वर परिचयाची वेबसाइट मात्र त्यांनीच केली, तीही फुकट. समाजाचं काम म्हटल्यावर फुकट असतंच, वर नावं ठेवायची सोय असते. त्यांच्याकडे लग्न जमवताना चार गोत्रं टाळतात. स्वतःचं, आईचं, दादीचं आणि नानीचं. या चारपैकी कोणतंही गोत्र मुलाचं असेल तर तो मुलगा बाद. म्हणजे मुलीची चार गोत्रं एका ॲरेत भरायची आणि डेटाबेसला सांगायचं की यांतलं एकही गोत्र ज्याचं नाही तेवढी मुलं दाखव. गौतमभाईंनी हे एका फेऱ्यात केलं, चार पत्रावळी मांडून केलं, आणि त्या क्वेरीकडे ते नव्या सुनेकडं पाहावं तसे कौतुकानं पाहायचे.

समाजाचे अध्यक्ष कांतीलालशेठ हे व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, "गौतम, नानीचं गोत्र बऱ्याच जणांना आठवत नाही. तिथं काहीतरी टाकून मोकळे होऊ."

"काहीतरी म्हंजे?"

"काहीतरी म्हंजे काहीतरी! कोण तपासी ऱ्हायनं?"

"मी तपासी ऱ्हायनू," गौतमभाई म्हणाले. "माहीत नही तं कोरं सोडा."

घरोघर फोन करून त्यांनी लोकांना हेच सांगितलं. बहुतेकांनी "हो, हो" म्हटलं आणि शेजाऱ्याचं पाहून काहीतरी टाकलं. थोड्या भाबड्या लोकांनी मात्र खरोखर कोरं सोडलं. त्या भाबड्यांत एक नाव गौतमभाईंच्या स्वतःच्या मुलीचं होतं.

निकिता एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायची. चुणचुणीत मुलगी, बापाला ओळखून असलेली. डोकं दुखतंय म्हणून गौतमभाईंनी गोळी मागितली की म्हणायची, "पप्पा, खोकला बी व्हऊ द्या, दोन्ही गोळ्या संगेच देसू." तिची नानी, म्हणजे सरोजभाभींची आई, खापरला राहायची. नाव मणीबा. बाजारपेठेत तिचं मसाल्याचं छोटं दुकान होतं. तान्ही असताना तिला खापरच्या एका दुकानदार जोडप्यानं सांभाळलं. ती कुठून आली हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि ती दोघं गेल्यावर सांगायला कोणी उरलं नाही. वाढवलं त्यांनीच, लग्न लावून दिलं त्यांनीच. नवरा लवकर गेला तरी मणीबानं तराजू सोडला नाही. कांतीलालशेठ म्हणाले, पाळणाऱ्यांचं गोत्र टाका. गौतमभाई म्हणाले, ते गोत्र त्यांचं, मणीबांचं माहीत नाही. निकिताच्या नावापुढची चौथी जागा कोरी राहिली.

आणि मग गंमत सुरू झाली. साइटवर निकितासाठी एकही स्थळ येईना. एकही म्हणजे एकही नाही. समाज धुळ्यापासून सुरतेपर्यंत पसरलेला, लग्नाची मुलं ढिगानं, आणि निकिताच्या पानावर दर वेळी तेच वाक्य, की आपणास अनुरूप स्थळ उपलब्ध नाही. आता एवढ्या मोठ्या समाजात एकही मुलगा नाही, हे कोणाला तरी विचित्र वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उलट सगळ्यांना ते चटकन पटलं. आपल्या मनातलं बोललं की मशीनसारखं सत्यवचनी दुसरं कोणी नसतं. "नानीचं मूळच माहीत नाही, तर कॉम्प्युटर तरी काय करील?" असं बायका पापड लाटता लाटता बोलू लागल्या. पैकी कांतीलालशेठांच्या पत्नी विमलाबाई जरा मोठ्यानं बोलल्या, आणि नेमक्या तेव्हा मणीबा तिथंच बसलेल्या होत्या.

मणीबा दर पंधरवड्याला खापरहून एसटीनं शहाद्याला यायच्या. त्या दिवशी त्यांनी हातातला पापड लाटून पुरा केला, चहा घेतला आणि निघाल्या. त्यानंतर आल्या नाहीत. भाभींनी फोन केला की म्हणायच्या, "पोरनं लगीन जमू दे, मंग यसू. मन्ही सावली नको."

ते दिवस मी त्या माडीवर काढले आहेत. भाभी पहिल्यासारखं हसेनाशा झाल्या. समाजाच्या कार्यक्रमाला गेल्या तर कोपऱ्यात बसून येत. एकदा चहा ठेवायला आल्या आणि दारातच थांबून नवऱ्याला म्हणाल्या, "निकिताचे पप्पा, एकदा तपासून पाहा ना. एकही नाही, असं कसं होईल?"

गौतमभाईंनी स्क्रीनवरून मान वळवली नाही. म्हणाले, "क्वेरी खोटं बोलत नाही, सरोज. माणसं बोलतात."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, आजही येतो. चहाचा कप उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते तपासून झालं असतं. मीही एकदा धीर करून म्हणालो, "भाई, दखी तं ल्या." त्यावर सूर्य नक्की पूर्वेलाच उगवतो ना, असं कोणीतरी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर म्हणाले, "पाटील, तुम्ही रांगोळी काढा." असा दोन वधू-वर मेळाव्यांचा हंगाम गेला.

मग कॉलेजातल्या एका वर्गात ते घडलं. त्या दिवशीचा धडा होता, "यांतलं नसलेलं" कसं शोधायचं. गौतमभाईंनी चार पत्रावळी मांडल्या, चार मुलं बसवली, प्रत्येकाला आपल्या गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून हातात धरायला सांगितलं. दाराशी उभं केलं धडगावकडच्या डोंगरातली प्रमिला पावरा हिला. ही मुलगी घरी पावरी बोलायची आणि कॉलेजात पुस्तकातलं मराठी, तेही सांगितलेल्या शब्दाला शब्द जुळवून. तिला गौतमभाई म्हणाले, "तू डेटाबेस. बाहेरनं एकेक जण येईल. पंगतीतल्या चारीजणांच्या गावापेक्षा त्याचं गाव वेगळं आहे अशी खात्री असेल तरच आत सोड."

पहिला मुलगा आला, प्रकाशा गावचा. प्रमिलानं पंगतीकडं पाहिलं. पहिली चिठ्ठी म्हसावद, वेगळं. दुसरी खापर, वेगळं. तिसरी तळोदा, वेगळं. चौथा मुलगा पेन नाही म्हणून कोरी चिठ्ठी धरून बसला होता. प्रमिला थांबली.

"सर, याचं गाव कोणतं?"

"त्यानं लिहिलं नाही. ते सोड. येऊ दे त्याला."

"कसं येऊ देऊ? याचं गाव प्रकाशाच असलं तर?"

"अगं, कोरं आहे ना ते!"

"कोरं आहे म्हणूनच मला माहीत नाही. तुम्ही म्हणाला खात्री असेल तरच सोड. मला खात्री नाही."

दुसरा आला, त्यालाही तेच. तिसरा, चौथा. प्रमिलानं एकालाही आत घेतलं नाही. एका कोऱ्या चिठ्ठीपायी अख्खा वर्ग बाहेर व्हरांड्यात उभा राहिला आणि पंगतीतली चौघं खदखदून हसायला लागली. गौतमभाई चिडून काहीतरी बोलायला गेले आणि तोंड उघडंच राहिलं. ते त्या कोऱ्या चिठ्ठीकडं पाहत होते. त्यांचा चेहरा पांढऱ्या शर्टाच्या रंगाचा झाला. पत्रावळी तशाच टाकून ते वर्गाबाहेर पडले. दुकानातल्या पत्रावळी त्यांनी पहिल्यांदाच मागं सोडल्या.

ऑफिसात येऊन त्यांनी ती क्वेरी उघडली. सगळं निर्दोष होतं. एकच फेरा, चार पत्रावळी, स्वल्पविराम जागच्या जागी. चौथ्या पत्रावळीवर मात्र त्यांनी "माहीत नाही" याला सन्मानानं बसवलं होतं, आणि डेटाबेस प्रत्येक मुलाबद्दल प्रमिलासारखंच म्हणत होता की याची खात्री देता येत नाही. ज्यांनी खोटं गोत्र ठोकून दिलं त्यांना स्थळंच स्थळं, आणि ज्यांनी गौतमभाईंचं ऐकून खरं लिहिलं त्यांना ठेंगा. अडाण्यानं ही क्वेरी लिहिली असती तर ती कोरी जागा नुसती रिकामी अक्षरं म्हणून गेली असती आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. इतकी सुंदर चूक करायला गौतमभाईंसारखाच बिनचूक माणूस लागतो.

पंगत मांडण्याआधी ॲरेतली कोरी नावं गाळायची, एवढी एक ओळ त्यांनी टाकली. निकिताचं पान पुन्हा उघडलं. स्क्रीन नावांनी भरून गेली, खाली सरकवत राहिलं तरी संपेना. मला वाटलं ते खूश होतील. ते बराच वेळ ती नावं नुसती सरकवत राहिले. मग म्हणाले, "पाटील, मन्ही चुकी गयी." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी पुढं काय बोलतात तेच मला कळेना.

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी भाभींना सांगितलं. मधलं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. भाभींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्या आईमुळे नव्हतं."

"नव्हतं."

"आणि मी तपासा म्हटलं होतं."

गौतमभाई म्हणाले, "आता मेळावा आहेच. माईकवरून सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो. एका फेऱ्यात..."

"माझ्या आईबद्दल कोणी माईकवर बोललं नव्हतं," भाभी म्हणाल्या. त्यांचा आवाज तेवढा चढलेला मी तेव्हाच ऐकला. "ओसरीवर बोलले, चुलीपाशी बोलले. जिथं बोलले तिथं जाऊन सांगा. एकेका घरी. रोज एक घर. आणि ते काय म्हणाले ते घरी येऊन मला सांगायचं."

निकिता दवाखान्यातून आली तेव्हा बापानं तिला ती यादी दाखवली. तिनं स्क्रीनकडे पाहिलंही नाही. "पप्पा, आधी नानीले आनो. नानी उनी की मंग दखू, लगीन करनं का नही ते," एवढं बोलून ती आईजवळ जाऊन बसली.

मग रोज संध्याकाळी गौतमभाई निघायचे आणि मी स्कूटर चालवायचो. एक घर झालं की परत. कित्येकदा पुढचं घर अगदी भिंतीला भिंत लागून असायचं, गौतमभाई त्या दाराकडं आशेनं पाहायचे आणि गुमान स्कूटरवर बसायचे. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, "मन्ही क्वेरी चुकनी व्हती, मणीबांचं काही चुकलं नव्हतं." लोक समजूतदार निघाले, म्हणजे कोणालाच आपण काही बोलल्याचं आठवत नव्हतं. "आम्ही? छे, छे! आम्हाला तर आधीपासून वाटत होतं." कांतीलालशेठांनी तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तरी मी म्हणत होतो, काहीतरी टाकून मोकळा हो." विमलाबाई तेवढ्या सरळ बोलल्या. त्या म्हणाल्या, "मी बोलले होते. त्यांच्या देखत बोलले होते." आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या. ते घरी सांगितल्यावर भाभींनी बऱ्याच दिवसांनी नवऱ्याला स्वतः होऊन वाढलं.

खापर शेवटी ठेवलं होतं. मला तोवर नाशिकला नोकरी लागली होती, दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं. गौतमभाई म्हणाले, "पाटील, एवढं एक गाव करी द्या." बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालं पडलेली, गुजरातकडच्या जीपगाड्या हॉर्न वाजवत वाट काढत होत्या. मणीबा दुकानात हळद तोलत होत्या. जावई दिसल्याबरोबर त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि स्टूल पुढं केलं.

गौतमभाई बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. चार गोत्रं, ॲरे, पत्रावळी, कोरी जागा, प्रमिला पावरा. गिऱ्हाईकं खोळंबली. मणीबांनी तराजू हातात धरून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "जवाईबापू, इतलं लांबन कसाले लावतस? चुकी गया म्हना ना."

"चुकी गया, बा."

"मंग मन्हामा काही खोट नव्हती?"

"नव्हती, बा."

मणीबांनी हळदीची पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली. पुढचं गिऱ्हाईक समोर उभं होतं, पण त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एवढी खमकी बाई, जिनं तो बाजार एकटीनं झेलला होता, कोणाच्या बापाला विचारून कधी काही केलं नव्हतं. पदराआडून त्यांनी हळूच विचारलं, "मंग मी यवू का?"

गौतमभाई आजूबाजूला काहीतरी शोधत राहिले. दुकानाच्या पायरीखाली मणीबांच्या चपला होत्या. त्यांच्यात जावयाचा मान केवढा! सासू जावयासमोर धड बसतही नाही. गौतमभाई खापरच्या भर बाजारात गुडघ्यावर वाकले, त्या धुळकट चपला दोन्ही हातांनी उचलल्या आणि मणीबांच्या पायांसमोर मांडल्या. पालावरच्या बायका तोंडावर हात ठेवून बघायला लागल्या. मणीबा चपलांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "जवाईबापू, डावी-उजवी तं दखा."

चपला उलट्या मांडल्या होत्या. गौतमभाई पुन्हा वाकले. त्यांना नीट दिसत नव्हतं, हातानं चाचपून त्यांनी त्या बदलल्या. मी स्कूटर सुरू केली, आणि त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. दोघं एसटी स्टँडकडं चालत गेले, मणीबा पुढं आणि त्यांची पिशवी घेऊन गौतमभाई मागं.